खाडीचं पाणी नेमकं किती खारं?

बाळकुम-कोलशेतच्या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, की समोर दिसते ती नदी की खाडी? त्याला लागूनच दुसरा येतो, की तिचं पाणी खारं की गोडं? आणि घरात शाळकरी मूल असेल तर तिसरा प्रश्न ठरलेला असतो. खारं असेल तर किती खारं, हे ठरवतात कसं? पातेलंभर पाणी आटवायचं आणि तळाला उरलेलं मीठ तोलायचं, इतकं ते सोपं दिसतं. मग त्यासाठी प्रयोगशाळा कशाला लागतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येईल. उल्हास नदी लोणावळा-राजमाचीच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती बाळकुमपाशी येते आणि पुढे घोडबंदरवरून वसईजवळ समुद्राला मिळते. ठाण्याजवळ तिचा एक चिंचोळा फाटा दक्षिणेकडे कळव्याच्या बाजूने ठाणे खाडीत उतरतो आणि ती खाडी मुंबई बंदरात उघडते. त्यामुळे इथल्या पाण्याला समुद्राकडे जायला दोन वाटा आहेत आणि समुद्रालाही इथे यायला त्याच दोन. कल्याणच्या वर, शहाड-मोहने भागात, याच नदीतून पिण्याचं पाणी उचललं जातं. बाळकुमला पोचेपर्यंत तेच पाणी तोंडात घेववत नाही. नदी आणि खाडी यांच्यात रेघ मारता येईल अशी जागा इथे नाही. ती रेघ रोज सरकते, आणि ती कुठवर सरकली हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा आकडा म्हणजे पाण्याची क्षारता.

बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र पायरी-पायरीने भिडायला हवं.

१. दर हजारी ३५ म्हणजे किती?

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार असतात आणि ९६५ ग्रॅम निव्वळ पाणी असतं. भूगोलाच्या पुस्तकात ‘दर हजारी ३५’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच. मोजणी किलोवर करतात, लिटरवर नाही. ऊन-थंडीने पाण्याचं आकारमान थोडंफार बदलतं, वजन बदलत नाही, म्हणून. समुद्राच्या एका लिटर पाण्याचं वजन १,०२५ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा एका लिटरात क्षार झाले जवळपास ३६ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साडेपाच ग्रॅम मिठाचा धरला तर हे साडेसहा चमचे होतात.

दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनच्या एका लिटरात ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या द्रवांशी जुळावं म्हणून ते प्रमाण ठरवलेलं आहे. समुद्र त्याच्या चौपट खारा. आपली मूत्रपिंडं समुद्राइतकं खारट मूत्र तयार करू शकत नाहीत, त्यामुळे समुद्राचं एक लिटर पाणी पोटात गेलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला एक लिटरहून जास्त पाणी खर्चावं लागतं. भर समुद्रात अडकलेला माणूस ते पाणी पिऊन अधिकच कोरडा पडतो, तो यामुळे.

सगळे समुद्र सारखे खारे नसतात. पाऊस आणि नद्या पाणी पातळ करतात, ऊन-वारा ते दाट करतो. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी अशा मोठ्या नद्या येतात आणि पाऊसही भरपूर पडतो, त्यामुळे त्याच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर क्षारता ३०च्याही खाली जाते. आपल्या अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, मोठ्या नद्या कमी आणि लाल समुद्र व इराणच्या आखाताकडून अधिक खारं पाणी येणार. म्हणून इथे आकडा ३५-३६ किंवा त्याहून थोडा वर राहतो. एकाच देशाचे दोन किनारे, पण पाणी वेगळं.

२. आटवून का जमत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याचं चुकत काहीच नाही. सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांनीही तेच केलं आणि तिथेच ते अडकले.

समुद्रात विरघळलेलं असतं ते निव्वळ स्वयंपाकाचं मीठ नसतं. भाईंदर, वसई, उरण इथली मिठागरं पाहिली की हे डोळ्यांनी कळतं. कोंडलेलं खारं पाणी उन्हाने आटत जातं तसे क्षार एकामागून एक बाहेर पडतात. आधी थोडा चुना, मग पाणी मूळच्या पाचव्या हिश्शापर्यंत आटल्यावर जिप्सम आणि दहाव्या हिश्शाच्या आसपास आल्यावर खरं मीठ. त्यानंतर उरतं ते मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं कडू पाणी. मिठागरात ते वेळेवर काढून टाकावं लागतं, नाहीतर मीठ कडवट होतं आणि पावसाळी हवेत ओलं राहतं.

प्रयोगशाळेत सगळे क्षार मिळून तोलायचे असतात, आणि घोळ नेमका या कडू पाण्यात होतो. मॅग्नेशियमचे क्षार शेवटचं पाणी सोडतच नाहीत. ते सोडवायला आच वाढवली की त्यांच्यातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा होऊन निघून जातो. बायकार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड उडतो. आच कमी ठेवली तर वजनात पाणी धरलं जातं, वाढवली तर क्षारच कमी होतात. दोन माणसांनी एकच पाणी आटवलं तरी दोन वजनं येणार, आणि समुद्रशास्त्राला हवा असतो दशांशानंतरच्या दोन-तीन स्थळांपर्यंतचा आकडा.

३. एक मोजा, बाकीचे कळतील

यातून सुटका केली ती एका विलक्षण गोष्टीने. गोडा मसाला डोळ्यांपुढे आणा. एका घरचा मसाला ठरलेल्या प्रमाणात होतो, इतके धने, इतकं खोबरं, इतके तीळ, इतकं दगडफूल. तो आमटीत चमचाभर पडला काय आणि मूठभर पडला काय, त्यातलं धन्याचं आणि तिळाचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. आमटीत धने किती गेले एवढं मोजता आलं तर एकूण मसाला किती पडला हे गणिताने निघतं. समुद्राचं तसंच आहे. पाणी पातळ असो की दाट, क्षारांचं एकमेकांतलं प्रमाण सगळ्या महासागरांत जवळजवळ एकच असतं. शंभर ग्रॅम क्षारांत क्लोराइड ५५ ग्रॅम, सोडियम साडेतीस, सल्फेट पावणेआठ, मॅग्नेशियम पावणेचार, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी एकाच्या थोडं वर. उरलेल्यात बाकी सगळी फौज.

अलेक्झांडर मार्से याने १८१९ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांचे नमुने तपासून असं असावं, हे पहिल्यांदा मांडलं. त्याला भक्कम पाया मिळाला तो ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीतून. त्या जहाजाने आणलेल्या पाण्यापैकी ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार याने ग्लासगोत बसून केलं आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. प्रमाण सगळीकडे तेच होतं. ‘चॅलेंजर’ अरबी समुद्रात आलंच नव्हतं. इकडची पद्धतशीर पाहणी पुढे १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून झाली. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. अरबी समुद्रानेही तो नियम मोडला नाही.

प्रमाण टिकतं कसं? क्षारांचा मुख्य भाग समुद्रात कोट्यवधी वर्षं राहतो आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळून निघायला हजार-दोन हजार वर्षं पुरतात. नदी काय आणते त्याने तिथल्या तिथे पाणी पातळ होतं, पण सबंध समुद्राचं मिश्रण बदलायला तो काळ फार अपुरा पडतो.

४. चांदीचा थेंब

आता ‘एक’ कोणता मोजायचा? क्लोराइड. तो सर्वांत जास्त असतो आणि चांदी त्याला हमखास पकडते.

ही कृती जवळून पाहण्यासारखी आहे. नमुन्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकतात. वरच्या काचेच्या नळीत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते उजेडाने बिघडतं म्हणून त्याची बाटली तपकिरी काचेची असते, आणि बोटावर सांडलं तर काळा डाग काही दिवस जात नाही. तोटी जराशी सोडली की थेंब पडेल तिथे पांढरा साका धरतो आणि पाणी दुधाळ पिवळं दिसू लागतं. मध्येच एक थेंब विटकरी ठिपका उमटवतो. भांडं हलवलं की तो नाहीसा होतो. ठिपके हळूहळू रेंगाळायला लागतात, तेव्हा हात आवरायचा असतो. क्लोराइड संपताक्षणी पुढच्या थेंबातली चांदी क्रोमेटला धरते आणि सगळं भांडं फिकट विटकरी होऊन तसंच राहतं. नळीतलं किती रसायन उतरलं ते वाचायचं, की क्लोराइड कळला. या शेवटच्या थेंबाला डोळा सरावायला वेळ लागतो. चांगला हात बसलेला माणूस दिवसभरात अनेक नमुने एकमेकांशी जुळतील असे करतो.

क्लोराइडवरून क्षारता काढायचं सूत्र डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन याने १९०१-०२ मध्ये दिलं: क्षारता = १.८०५ × क्लोरीन + ०.०३. शेवटचे ते ०.०३ पाहा. क्लोरीन शून्य असला तरी क्षारता शून्य होत नाही, असं हे सूत्र म्हणतं. कारण क्नुडसेनच्या नमुन्यांत बाल्टिक समुद्राचं पाणी होतं, आणि बाल्टिकमध्ये नद्यांनी आणलेले, क्लोराइड नसलेले चुन्याचे क्षार मिसळलेले असतात. ‘गोडं’ पाणीही पूर्ण कोरं नसतं, ही गोष्ट त्या इवल्या आकड्यात शिरली होती. खुल्या समुद्रासाठी ती अडचणीची ठरली आणि १९६०च्या दशकात सूत्र नुसतं क्षारता = १.८०६५५ × क्लोरीन असं झालं. खाडीच्या एक किलो पाण्यात ६ ग्रॅम क्लोरीन निघाला तर ६ × १.८०६५५ म्हणजे क्षारता १०.८.

ठाण्यात चेंदणीला खाडीच्या काठावरच बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे आणि तिथल्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी खाडीच्या पाण्याचा, गाळाचा, जीवांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. खाडीच्या आजच्या स्थितीबद्दल बोलायचं तर असं सलग, कंटाळा न करता केलेलं काम हाताशी लागतं. एकदाच घेतलेल्या नमुन्याने खाडी कळत नाही. का, ते पुढे येईलच.

५. विजेने मोजणं आणि घरातला टीडीएस मीटर

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, क्षारांचं पाणी मात्र ती सहज नेतं. जितके क्षार जास्त तितकी वीज सुलभ. १९७८ पासून जगभर क्षारता याच मार्गाने ठरवतात. नमुन्यातून वीज किती जाते ते पाहतात आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ठरलेल्या द्रावणाशी त्याची तुलना करतात. दोन्हींचं गुणोत्तर घेतल्याने या क्षारतेला एककच राहिलं नाही. समुद्रशास्त्रज्ञ नुसतं ‘३५’ म्हणतात, ते यामुळे. महासागरात आपापले वर-खाली जाणारे सुमारे चार हजार ‘आर्गो’ तरंगते हेच मोजून उपग्रहाला कळवतात. हिंदी महासागरातल्या भारताच्या तरंगत्यांचं काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते.

यात एक पथ्य फार कडक आहे. पाणी एक अंशाने तापलं की त्यातून वीज सुमारे दोन टक्के जास्त जाते. समुद्राच्या पाण्याच्या बाबतीत तापमानात एक अंशाची चूक म्हणजे क्षारतेत जवळजवळ एकची चूक. तापमान न नोंदलेला क्षारतेचा आकडा म्हणूनच मी विश्वासाने घेत नाही.

घरोघरी आरओवाला घेऊन येतो तो टीडीएस मीटरही विजेवरच चालतो. तो क्षार ओळखत नाही, वीज मोजतो आणि तिला एका ठरीव संख्येने गुणून दर लिटरला किती मिलिग्रॅम क्षार ते दाखवतो. नळाच्या पाण्याला तो बरा आहे. खाडीच्या पाण्यात बुडवला तर मात्र गडबडतो, कारण हे स्वस्त मीटर साधारण १०,०००च्या आत थांबतात आणि समुद्राचा आकडा असतो ३५,०००. त्यावर उपाय सोपा आहे. खाडीचं एक वाटी पाणी घ्या, त्यात आरओचं नऊ वाट्या मिसळा. समजा मीटरने १,१५० दाखवले आणि नुसत्या आरओच्या पाण्याचे ३० होते. त्या ३०चा नऊ-दशांश, म्हणजे २७, वजा केले तर उरले १,१२३. त्याची दहापट ११,२३०, म्हणजे दर हजारी अंदाजे ११. प्रयोगशाळेला हे चालणार नाही, घरच्या उत्सुकतेला मात्र छान चालतं.

६. बाळकुमला एक आकडा पुरत नाही

खुल्या समुद्रात क्षारता वर्षभरात एक-दोनने हलली तरी मोठी बातमी असते. खाडीत ती सहा तासांत कितीतरी पटीने हलते.

इथे दिवसाला, नेमकं सांगायचं तर २४ तास ५० मिनिटांना, दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब किनाऱ्यावर अनेकांना पाठ असतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्रीही. हा हिशोब मुंबईच्या उघड्या किनाऱ्याचा. बाळकुमला पाणी चढायला त्याहून उशीर लागतो, कारण ते लांबच्या वाटेने आत येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं. तेव्हा मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि खारं पाणी कल्याणच्या दिशेने जास्त आत घुसतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा ते तितकं घुसत नाही.

याच्यावर ऋतूंची मोठी लाट. आषाढ-श्रावणात उल्हास, काळू, भातसा तुडुंब वाहतात तेव्हा बाळकुमला भरतीच्या वेळीही पाणी जवळजवळ गोडं, फार तर मचूळ लागतं. दिवाळीनंतर नदीचा जोर ओसरतो आणि समुद्र दर उधाणाला थोडा-थोडा आत सरकतो. चैत्र-वैशाखात खारेपणा शिगेला पोचतो. तेव्हा ‘ठाण्याच्या खाडीची क्षारता किती’ याला एका आकड्यात उत्तर देणारं कोणतंही कोष्टक बाजूला ठेवलेलं बरं. सोबत तारीख, भरतीची अवस्था, खोली आणि तापमान असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

खोलीचं का म्हणून? गोडं पाणी हलकं, खारं जड. पावसाळ्यात वर नदी वाहत असते आणि तळाशी समुद्राची जीभ आत शिरलेली असू शकते. काठावरून बालदी टाकली तर फक्त वरचा थर हाती येतो. खालचं पाणी आणायला जहाजांवर दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी दोरीने सोडतात आणि हव्या त्या खोलीवर वरून वजन सोडून ती बंद करतात.

आणि आता या आकड्याचा खरा उपयोग. समजा मे महिन्यात एका दुपारी बाळकुमला क्षारता १२ भरली, बाहेर समुद्राची ३६ आहे आणि नदीची जवळजवळ शून्य. १२ भागिले ३६ म्हणजे एक तृतीयांश. त्या क्षणी तुमच्या बाटलीतल्या दर तीन हिश्शांपैकी एक हिस्सा समुद्रातून आलेला आहे आणि दोन हिस्से सह्याद्रीतून. संध्याकाळी ओहोटीला आकडा ९ झाला तर समुद्राचा हिस्सा पाव. पाणी कुठून आलं, हे रंग-वासावरून सांगता येत नाही. क्षार सांगतात, कारण ते वाटेत उडून जात नाहीत, कुजत नाहीत, कोणी खाऊन संपवत नाही. खाडीत एखादं सांडपाणी किती दिवस रेंगाळेल याचा अंदाज अभियंते बांधतात तो याच हिशोबाच्या आधाराने.

७. खारेपणाने काय काय बदलतं

सगळ्यात ठळक बदल वजनात होतो. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राची १.०२५ येते. फरक किरकोळ वाटतो, पण होडी खाडीतून समुद्रात गेली की थोडी वर उचलली जाते तो त्यामुळे. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात तरंगत नाही, कारण ते १.०२५हून बरंच जड असतं. ते तरंगायला याच्या तिप्पट-चौपट खारं पाणी लागतं.

समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, उणे १.९ अंशाला गोठतं. आपल्याकडे त्याचा प्रसंग येत नाही, म्हणून पुढे जाऊ.

बाळकुमच्या काठावर जो मऊ, गुडघाभर चिखल दिसतो त्यातही क्षारांचा हात आहे. नदी मातीचे अतिशय बारीक कण घेऊन येते. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात आणि कित्येक दिवस तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे धनभारित कण त्यांना वेढतात, आपसातलं लोटणं थांबतं, कण चिकटून गठ्ठे होतात आणि जड झाल्याने खाली बसतात. घरी करून पाहा. दोन पेल्यांत सारखं गढूळ पाणी घ्या आणि एकात चमचाभर मीठ ढवळा. तासाभरात मिठाचा पेला वरून नितळ व्हायला लागेल. नदी समुद्राला भेटते त्या टापूतच गाळ साचतो, पाणथळ दलदल तयार होते आणि तिवरांना रुजायला जागा मिळते. २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेली ठाणे खाडी, तिथले रोहित पक्षी, त्यांचं खाद्य, सगळं या चिखलावर उभं आहे.

तिवराचं पान उन्हाळ्यात सकाळी खालून-वरून न्याहाळा. त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात आणि जिभेला लावलं तर सरळ खारट लागतं. तिवर मुळांशी बरंचसं मीठ अडवतो आणि जे आत येतं ते पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. पाऊस पडला की पान धुऊन निघतं.

माशांनाही पाण्याचा खारेपणा सांभाळावा लागतो. जिताडा लहानपणी गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. निवटी, बोय, कोळंबी हे सगळे चढ-उतार सोसणारे जीव. ज्यांना सोसवत नाही ते खाडीत राहतच नाहीत.

एक बदल डोळ्यांना दिसत नाही पण फार महत्त्वाचा आहे. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशाला गोड्या पाण्याचा एक लिटर सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू धरतो, समुद्राचा पावणेसात. उन्हाळ्यात पाणी तापलेलं, खारं झालेलं आणि नदीचा ताजा प्रवाह आटलेला असतो. त्याच वेळी सांडपाणी मात्र बारमाही येत राहतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. खाडीची घुसमट मे महिन्यात सर्वांत जास्त होते ती अशी. सांडपाण्यावरची प्रक्रिया पावसाळ्यात चुकली तर नदी थोडं वाहून नेते, पण उन्हाळ्यात चुकली तर भोगतात ते मासे आणि त्यांच्यावर जगणारे कोळी. शहराने याचा विचार आजच्यापेक्षा कितीतरी गांभीर्याने करायला हवा.

८. सोसायटीची बोअर खारट का होते?

खाडीलगतच्या इमारतींत हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. जमिनीखाली पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्याने खाडीकडून शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर बसलेलं असतं. खाऱ्या-गोड्यातला घनतेचा फरक ०.०२५. एकाला ०.०२५ने भागलं की ४० येतात. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर जितके मीटर असेल, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी लागतं. हा हिशोब घायबेन आणि हर्झबर्ग यांनी वेगवेगळा मांडला, तो युरोपातल्या वाळूच्या किनाऱ्यांसाठी. आपला काळा बेसाल्ट भेगाभेगांचा असल्याने इथे तो चोख बसत नाही, पण इशारा म्हणून अगदी बरोबर आहे. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली तर खालचं खारं पाणी वीस मीटर वर येऊ शकतं. पंप अर्धा मीटरच ओढतो, पण त्याची किंमत खालून वसूल होते.

मात्र टीडीएस वाढला म्हणजे खाडीच शिरली असं धरून चालू नये. फुटलेलं ड्रेनेज असेल, कारखान्याचं पाणी असेल, नुसत्या खडकातलेही क्षार असतील. उल्हासच्या खोऱ्यात बदलापूर-अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंत उद्योग आहेत, आणि मीटरला सगळे क्षार सारखेच. इथे तिसऱ्या भागातला नियम कामाला येतो. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड आणि सल्फेटचं आपसातलं प्रमाण बांधलेलं आहे, क्लोराइडच्या १४ टक्के सल्फेट. बोअरच्या तपासणी अहवालात हे दोन आकडे बहुधा असतातच. क्लोराइड ७०० मिलिग्रॅम आणि सल्फेट १०० असेल तर भागाकार ०.१४ येतो आणि संशय खाडीवर जातो. क्लोराइड २५० आणि सल्फेट २२० निघालं तर हे मिश्रण समुद्राचं नव्हे, दुसरीकडे शोधायला हवं. हा शेवटचा पुरावा नाही, कारण कुजणाऱ्या चिखलात सल्फेट कमी होतं आणि मग भागाकार फसतो. पण पहिली छाननी म्हणून याच्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

नमुना दोनदा द्यावा, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मेअखेरीला. दोन्ही वेळा पंप थोडा वेळ चालवून मगच पाणी भरावं, नाहीतर नळीत साठलेलं शिळं पाणी बाटलीत येतं. मेच्या अहवालात क्लोराइड दुपटी-तिपटीने चढलेला दिसला आणि सल्फेटही त्याच प्रमाणात वाढलेलं असलं, तर पंप दिवसाला किती तास चालतो ते आधी मोजावं आणि उपसा कमी करावा. गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्याच बोअरमध्ये सोडायची सोय जूनच्या आधी करून घ्यावी.